गाडीची विचारपूस: एकाच स्विफ्ट हायब्रिडला युरोपात तीन स्टार, ऑस्ट्रेलियात एक

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त लोकांना क्रॅश टेस्टबद्दलच विचारायचंय, आणि त्यातही हायब्रिड. अॅव्हरेज किती देते हे विचारणाऱ्यांनी जरा दम धरा, तुमचा नंबर पुढच्या अंकात लावतो.

प्रश्न (मेलबर्नहून एक वाचक): काका नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं इथे आहे. मुलगी आता युनिव्हर्सिटीत जायला लागली, तिच्यासाठी छोटी गाडी बघतोय. सुझुकी स्विफ्ट हायब्रिड, २०२४ चं मॉडेल, थोडी वापरलेली, भाव बरा मिळतोय. गावाकडे घरात दोन स्विफ्ट होऊन गेल्या त्यामुळे बायकोचा जीव त्याच गाडीवर. पण इथल्या एएनकॅपने हिला एकच स्टार दिलाय आणि युरोपात तीन आहेत. भाचा बर्मिंगहॅमला असतो, तो म्हणतो मामा तुमच्याकडे काय वेगळी गाडी येते का. नक्की काय धरायचं? आणि सासूबाई वर्षातले काही महिने इथे असतात, त्या कायम मागेच बसतात.

उत्तर: दादा, भाच्याने चेष्टेत विचारलं असेल पण प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. एएनकॅप म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी रेटिंग देणारी संस्था, आणि त्यांची टेस्टची पद्धत युरोपातल्या तशाच संस्थेशी, युरो एनकॅपशी, बरीचशी जुळवून घेतलेली आहे, त्यामुळे पुष्कळदा युरोपात गाडी आपटली की तोच निकाल तिकडे धरला जातो. स्विफ्टच्या बाबतीत तसं झालं नाही. तुमच्या बाजारात येणारी गाडी त्यांनी स्वतः आपटून बघितली आणि मार्क वेगळे आले. डिसेंबर २०२४ ला निकाल लागला, एक स्टार. नाव तेच, चेहरा तोच, पण धडकेत दोघी वेगळ्या वागल्या, आणि तुम्ही मेलबर्नला गाडी चालवणार म्हणजे तुम्हाला मेलबर्नचा निकाल लागू, बर्मिंगहॅमचा नाही.

आता तीनवरून एकदम एक कसा, तर हे शाळेच्या मार्कलिस्टसारखं आहे. २०२५ पर्यंतच्या नियमांत चार विषय असत: मोठे प्रवासी, लहान मुलं, रस्त्यावरचे पादचारी-सायकलवाले, आणि आपोआप ब्रेक लावणं वगैरे सेफ्टी असिस्ट. चारांची सरासरी काढत नसत, ज्या विषयात सगळ्यात कमी स्टार पडत तेच गाडीचे स्टार. मोठ्या प्रवाशांच्या विषयात ८० टक्क्यांना पाच, ६० ला तीन, ५० ला दोन आणि ४० ला एक अशा रेघा होत्या. युरोपातल्या स्विफ्टला या विषयात ६७ टक्के मिळाले, तुमच्याकडच्या गाडीला ४७. पन्नासची रेघ तीन टक्क्यांनी हुकली की दोनही गेले. मुलांच्या विषयातही ६५ आणि ५९ असा फरक आहे पण एवढी पडझड नाही. म्हणजे गाडी मार खाते ती मोठ्या माणसांच्या संरक्षणातच, आणि माझ्या दृष्टीने तोच विषय सगळ्यात महत्त्वाचा, कारण ब्रेक आपोआप लागला नाही तर आपण लावू शकतो पण धडकेच्या क्षणी छातीवरचा पट्टा काय करतो ते आपल्या हातात नसतं.

सासूबाईंचं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय पण मी तिथेच अडकलो. या टेस्टमध्ये एक प्रकार असा की गाडी ताशी ५० किमी वेगाने सरळ भिंतीवर, सगळी रुंदी लागेल अशी आपटतात. यात ड्रायव्हरच्या जागी आणि मागच्या सीटवरही छोट्या चणीच्या बाईचा डमी बसवतात, उंची पाच फुटांच्या आसपास, वजन पन्नास किलोच्या आत. आपल्याकडच्या कितीतरी आया-सासवा अगदी याच मापाच्या. गाडी अशी सपाट भिंतीवर बसली की ती फार चेपत नाही, झटका जोरात बसतो आणि तो सगळा झटका बेल्टमधून बरगड्यांवर येतो. पुढच्या सीटच्या बेल्टला साधारणपणे दोन युक्त्या असतात, धडक लागली की एक छोटा स्फोट होऊन बेल्ट मागे खेचला जातो म्हणजे ढिलाई राहत नाही, आणि मग छातीवर दाब फार वाढला की बेल्ट थोडा थोडा सुटत जातो म्हणजे बरगड्या वाचतात. पहिलीला प्रिटेन्शनर म्हणतात, दुसरीला लोड लिमिटर. स्वस्त गाड्यांत मागच्या सीटला या दोन्ही असतीलच असं नाही, त्यामुळे कुठलीही गाडी बघताना डीलरला सरळ विचारा की मागच्या बेल्टला प्रिटेन्शनर आणि लोड लिमिटर आहे का, आणि ब्रोशरमध्ये दाखव म्हणा, तोंडी हो म्हणाला तर धरू नका. एअरबॅग किती एवढंच मोजून लोक खूश होतात, त्यातली एकही एअरबॅग मागच्या माणसाच्या समोरून येत नाही हे ध्यानात येत नाही.

एक गोष्ट सुझुकीच्या बाजूने. हायब्रिड म्हणून गाडी कमी पडली असं अजिबात नाही. स्विफ्टचं हायब्रिड म्हणजे १२ व्होल्टवालं माइल्ड हायब्रिड, गाडी सुरू करायला आणि पिकअपला थोडी मदत करणारं, त्यात ना हाय व्होल्टेज ना मोठी बॅटरी. उद्या तीच गाडी नुसत्या पेट्रोलवर आपटली असती तरी निकालात काही फरक पडला असता असं मला वाटत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. मुलगी एकटी कॉलेजला जाणार आणि येणार एवढंच असतं तरी मी मागेपुढे पाहिलं असतं, पण मागे वयस्कर माणूस बसणार असेल तर २०२४ ची ही गाडी मी तरी घेणार नाही. तेवढ्याच पैशात थोडी जुनी टोयोटा यारिस हायब्रिड, २०२० नंतरच्या नव्या मॉडेलची, मिळते का बघा. आणि गाडी कुठलीही असो, एएनकॅपच्या निकालावर कुठल्या महिन्यापासून बनलेल्या गाडीला तो लागू आहे हे लिहिलेलं असतं, कंपन्या मध्येच बदल करतात, तेव्हा दाराच्या खांबावरची बिल्ड डेट आणि निकालातली तारीख जुळवून मगच बोला. बायकोला काय सांगायचं ते तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

प्रश्न (स्लाव, इंग्लंडहून एक वाचक): यारिस हायब्रिड, होंडा जॅझ आणि एमजी ३ हायब्रिड अशा तीन गाड्यांवर आलोय. एमजी पैशाला परवडते आणि तिला चार स्टार आहेत, बाकी दोघींना पाच. चार आणि पाच मध्ये असा काय मोठा फरक पडतो?

उत्तर: एका स्टारने फार फरक पडत नाही असं मी बऱ्याच जणांना सांगतो, पण इथे जरा थांबा. यारिस ही युरो एनकॅपच्या २०२० च्या कडक नियमांखाली आपटलेली पहिली गाडी. मोठ्यांसाठी ८६ टक्के, मुलांसाठी ८१, पाच स्टार. जॅझ त्याच वर्षी, ८७ आणि ८३, तिलाही पाच. २०२० ला मुख्य बदल असा झाला की आधी गाडी ६४ च्या वेगाने जागच्या जागी उभ्या असलेल्या ठोकळ्यावर जायची, आता समोरून १४०० किलोची ट्रॉली ५० ने येते आणि गाडी पण ५० ने जाते, अर्धं तोंड एकमेकांवर. छोट्या गाडीसाठी ही परीक्षा अवघड, कारण यारिस स्वतः अकराशे किलोच्या आसपासची. शिवाय दोघींमध्ये पुढच्या दोन सीटच्या मधोमध उघडणारी एअरबॅग आहे, बाजूने धडक बसली की शेजारी बसलेल्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात ती आपटू नयेत म्हणून. एवढ्या छोट्या गाड्यांत ही तेव्हा नवलाचीच होती.

आता एमजी ३. २०२५ मध्ये युरो एनकॅपने तिला आपटलं तेव्हा समोरच्या धडकेत ड्रायव्हरच्या सीटची खालच्या रेलवरची पकडच निसटली आणि सीट एका बाजूने फिरली. सीटच जागेवर नाही म्हटल्यावर बेल्ट आणि एअरबॅग कुणाला धरणार? आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, चीड येते, तरी गाडीला चार स्टार मिळाले कारण मार्क कापायचे नियम ठरलेले, सीट निखळली तर किती कापायचे ते त्यात बसेना. संस्थेने वेगळा इशारा काढला ग्राहकांसाठी, पण स्टार तेच राहिले. म्हणून म्हणतो, निकालाच्या पानावर स्टारच्या खाली जे चार परिच्छेद असतात ना ते वाचा, इंग्रजी सोपं असतं, दहा मिनिटं लागत नाहीत. कंपनीने नंतर सीटच्या पकडीत बदल केल्याचं सांगितलंय, तेव्हा एमजीच घ्यायची असेल तर बदल झाल्यानंतर बनलेलीच गाडी आहे असं डीलरकडून लेखी घ्या. मला विचाराल तर जॅझ, मागची सीट उचलून उभी करता येते, भाजीपाला ते सायकल काहीही मावतं.

जॅझ किंवा यारिसचे पाच स्टार २०२० चे आहेत, हे पण धरून चाला. आजच्या पाच स्टारला त्याहून जास्त गोष्टी लागतात. ऑस्ट्रेलियात तर रेटिंगला सहा वर्षांची मुदतच घातलेली आहे. पण जुने पाच स्टार आणि आजचे एक-दोन स्टार यात निवडायचं झालं तर मी डोळे झाकून जुने पाच घेईन, कारण २०२० ते २०२५ मध्ये आपटण्याच्या टेस्ट फार बदलल्या नाहीत, वाढलं ते बरंचसं ब्रेक आणि सेन्सरचं.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): आम्ही स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही बुक केलीय, हायरायडर. घरात सगळे घाबरवतात, अपघात झाला तर बॅटरीचा शॉक बसेल, आग लागेल. सासरे म्हणतात पाण्यात गेली तर अख्खी गाडी करंट मारेल. डिलिव्हरी जवळ आलीय, कॅन्सल करू का?

उत्तर: ताई, कॅन्सल नका करू, या कारणासाठी तरी नको. हायरायडर आणि तिची जुळी बहीण ग्रँड विटारा, दोघींच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालणाऱ्या मॉडेलमध्ये, १७७.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, क्षमता ०.७६ किलोवॅट तास. टियागो ईव्हीच्या सगळ्यात लहान बॅटरीत १९.२ असतात, म्हणजे तुमची तिच्या पंचविसाव्या हिश्श्याची. ती असते मागे डिकीच्या फ्लोअरखाली, म्हणून तर डिकी थोडी उथळ झालीय आणि मोठी सूटकेस उभी राहत नाही, ती तक्रार खरी आहे. पण समोरच्या धडकेत सगळ्यात जास्त चेपतो पुढचा भाग आणि बॅटरी तिथून लांब.

शॉकचं असं आहे की हाय व्होल्टेजच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात, बॅटरीतून बाहेर पडतानाच रिले, म्हणजे वीज आपोआप जोडणारे-तोडणारे स्विच, बसवलेले असतात आणि ते गाडी चालू असेल तेव्हाच जोडलेले राहतात. एअरबॅग फुटायचा सिग्नल गेला की त्याच सिग्नलवर रिले तुटतात, वीज बॅटरीच्या डब्यातच कोंडली जाते. आणि ही सर्किट बॉडीच्या पत्र्याला जोडलेली नसते, आपल्या नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची मायनस बाजू बॉडीला असते तसं नाही, त्यामुळे पाण्यात उभी राहिली तर अख्खी गाडी करंट मारेल हे सासऱ्यांचं म्हणणं बरोबर नाही, पण त्यांना हे तुम्ही नका सांगू, सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडून सांगवा, वडीलधाऱ्यांचं असं असतं. पुराच्या पाण्यात गाडी घालू नका ते मात्र कुठल्याही गाडीला लागू. क्रॅश टेस्टच्या नियमांतही हे धरलेलं आहे, धडकेनंतर व्होल्टेज डीसीत ६० च्या खाली यायला हवं, किंवा मग इन्शुलेशन शाबूत राहून हात लागेल अशा ठिकाणी वीज येता कामा नये, असे पर्याय दिलेत. नुसतं कंपनीच्या शब्दावर सोडलेलं नाही.

खरा धोका वेगळा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. हायब्रिड गाडी उभी असताना आवाज करत नाही. अपघात झाला, गाडी शांत आहे, मदतीला आलेल्यांना वाटतं बंद पडली, आणि डॅशबोर्डवर रेडी दिवा चालूच असतो. कोणी आत वाकलं आणि पाय पेडलवर पडला की गाडी सुटते. तेव्हा किरकोळ ठोकर लागली तरी आधी पार्किंगमध्ये टाका, पॉवर बटण दाबून रेडी दिवा गेला का बघा, चावी गाडीपासून लांब न्या, मग उतरा आणि समोरच्याशी काय भांडायचं ते भांडा. नारिंगी वायर उघडी दिसली तर हात नाही लावायचा, आणि टोइंगवाल्याला ओरडून सांगायचं की हायब्रिड आहे. ठोकर बरीच मोठी असेल तर बॅटरी तपासल्याशिवाय गाडी बंद गॅरेजमध्ये लावू देऊ नका.

आणि एक, मारुतीच्या व्हिक्टोरिसला २०२५ मध्ये भारत एनकॅपचे, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी क्रॅश टेस्टचे, पाच स्टार मिळाले, मोठ्यांसाठी ३२ पैकी ३१.६६ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४३, आणि तिच्यातही स्ट्राँग हायब्रिड मिळतं. शोरूमवाला म्हणेल हायरायडरलाही तेच पाच धरा, आतून सगळ्या सारख्याच हो मॅडम. तर तसं नसतं, का ते खालच्या पत्रात.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): काका, डिझायरला पाच स्टार म्हणजे नवीन स्विफ्टला पण पाच धरायचे का? दोन्ही एकाच प्लॅटफॉर्मवर, डिकी सोडली तर फरक काय? आणि ऑस्ट्रेलियात एक मिळाला म्हणून ग्रुपवर सगळे स्विफ्टवाल्यांची खेचतात, मी पण स्विफ्टवाला आहे.

उत्तर: दोन्ही बाजूंनी उड्या मारू नका राव. पाच पण नाही आणि एक पण नाही, भारतातल्या तुमच्या गाडीला त्यातलं काहीच लागू नाही. डिझायरला ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेने नोव्हेंबर २०२४ ला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार दिले, पुढे भारत एनकॅपने दोन्हींत पाच दिले, मोठ्यांना ३२ पैकी २९.४६, मुलांना ४९ पैकी ४१.५७. मुलांच्या पाच स्टारची रेघ ४१ ला आहे, म्हणजे अर्ध्या मार्काने वर. ते सगळं डिझायरचं. डिकी सोडली तर फरक काय म्हणता, पण मागचा सांगाडा वेगळा झाला की बाजूचे खांब, वजन, सीटचे अँकर, सगळ्यात थोडं थोडं इकडेतिकडे होतं, आणि क्रॅशमध्ये थोड्यालाच किंमत असते. मारुतीने स्विफ्टला भारत एनकॅपला पाठवावं आणि एकदाचा निकाल लावून टाकावा, एवढी खपणारी गाडी आहे. पण ही टेस्ट कंपनीच्या मर्जीवर आहे, सक्तीची नाही, तिथेच घोडं अडतं.

ऑस्ट्रेलियाच्या एका स्टारची खेचाखेच पण चुकीचीच. तिथली परीक्षा आणि आपली परीक्षा वेगळी. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये समोरून ६४ च्या वेगाने ठोकळ्यावर, बाजूने ५० ने ट्रॉली आणि २९ ने खांब, मुख्यतः एवढ्यावर मोठ्यांचे स्टार. तिकडे ट्रॉली समोरून चालत येते, वर सरळ भिंत, वर बाजूचा खांब ३२ ने, वर आपोआप ब्रेक, लेनमध्ये ठेवणं, पादचारी, हे सगळं. आणि सगळ्यात मोठं, आपल्या टेस्टमध्ये मागच्या सीटवर दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे डमी असतात, मोठं माणूस नसतं. मेलबर्नच्या पत्रात ज्या सासूबाई आल्या त्या आपल्याकडच्या पाच स्टारमध्ये कुठेच मोजलेल्या नाहीत. भारतात मागे बसणाऱ्यांची संख्या बघता हे बदलायला हवं असं मला फार वाटतं, लिहूनही पाहिलंय, असो.

जुन्या स्विफ्टचा इतिहास मात्र चांगला नाही ते खरं. ग्लोबल एनकॅपने २०१४ ला एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य दिला, २०१८ ला दोन आणि २०२२ ला नव्या नियमांखाली एक, आणि तेव्हा बॉडीचा सांगाडा अनस्टेबल लिहिला होता. तुमची २०२४ ची असेल तर सहा एअरबॅग आणि ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहे, ती सुधारणा छोटी नाही. निकालात मी स्टारच्या आधी एकच शब्द शोधतो, सांगाडा स्टेबल की अनस्टेबल, कारण सांगाडाच जर आत आला तर सहा काय बारा एअरबॅग टाका.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): माझं आणि मिस्टरांचं रोज वाजतं. मला छोटी हायब्रिड हवीय, ते म्हणतात एक्सप्रेसवेवर छोटी गाडी म्हणजे डबा, त्यापेक्षा दहा वर्षं जुनी जड एसयूव्ही घेऊ. कोण बरोबर?

उत्तर: भांडण लावायला मला बोलावलंत होय. मिस्टरांचं निम्मं बरोबर आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या आयआयएचएस या संस्थेने तीन छोट्या गाड्या त्यांच्याच कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांवर समोरासमोर आपटल्या, यारिसवर कॅमरी, होंडा फिटवर अॅकॉर्ड, स्मार्टवर मर्सिडीज सी क्लास, दोन्हीकडून ताशी ६४ किमीच्या आसपास. ठोकळ्याच्या टेस्टमध्ये या तिन्ही छोट्यांना गुड मिळालेलं होतं. गाडीवर गाडी आली तेव्हा तिन्ही पुअर. स्मार्ट तर हवेत उडून गोल फिरली. साधं गणित मांडा, अकराशे किलोची गाडी आणि बावीसशे किलोची एसयूव्ही, दोघी ५० ने समोरासमोर आल्या आणि चिकटल्या, तर मोठी १७ च्या आसपास वेगाने पुढेच सरकत राहते, म्हणजे तिचा वेग ३३ ने बदलला, आणि छोटी पन्नासने पुढे जाता जाता १७ ने उलटी फेकली गेली, म्हणजे ६७ ने बदलला. आतल्या माणसाला बसणारा झटका या बदलावर असतो. वजनाचं हे देणं कुठल्याही स्टारने फिटत नाही, म्हणून तर एनकॅपवाले स्वतः सांगतात की स्टारची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच करा.

पण मिस्टरांचं उरलेलं निम्मं चूक. एक्सप्रेसवेवर मधे डिव्हायडर आहे, समोरासमोर गाठ पडायचा प्रसंग कमी, तिथे गाड्या जातात त्या उभ्या किंवा हळू चाललेल्या ट्रकच्या मागे, नाहीतर बॅरियरला घासून पलटी. ट्रकच्या पुढे तुमची बावीसशे किलो पण किरकोळच. आणि दहा वर्षं जुन्या उंच गाडीत ईएससी नसेल, बाजूच्या खिडक्यांवर उतरणाऱ्या पडद्याच्या एअरबॅग नसतील, मग झटकन स्टिअरिंग फिरवलं की ती उंची उलट जिवावर येते. शिवाय टेस्ट होतात ६४ ला आणि एक्सप्रेसवेवर मुभा आहे १०० ची, वेग दीडपट झाला की धडकेची ताकद जवळजवळ अडीच पट होते, तिथे दोघांपैकी कुणाचीच निवड पुरणार नाही. नवी, पाच स्टारवाली, मधल्या वजनाची हायब्रिड एसयूव्ही मिळते आता, दोघं मिळून ती बघा. वाजायला दुसरे विषय आहेत की.

प्रश्न (रत्नागिरीहून एक वाचक): नवीन गाडीला अॅक्सेसरीजवाल्याने पुढे स्टीलचा गार्ड, लेदरचे सीट कव्हर आणि बेल्टचा अलार्म बंद करायची क्लिप असं पॅकेज सांगितलंय. घेऊ का?

उत्तर: तिन्ही नको. गार्डवर २०१७ पासूनच बंदीचा आदेश आहे, पुढचा भाग जसा चेपायला हवा तसा तो चेपू देत नाही आणि सेन्सरला चकवतो ते वेगळंच. सीट कव्हर घ्यायचंच तर तुमच्या गाडीच्या साइड एअरबॅग सीटमधून येतात का ते बघा, येत असतील तर त्या बाजूची शिवण उसवणारी असते तसलंच घ्या, गावातल्या टेलरने घट्ट शिवलेलं नको. क्लिपबद्दल तर बोलायलाच नको, मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या, तरी दुकानात काउंटरखाली मिळतातच. सायरस मिस्त्रींचा अपघात आठवा, सप्टेंबर २०२२, पालघरमध्ये सूर्या नदीच्या पुलावर, मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. पॅकेजमधून फक्त मड फ्लॅप आणि मॅट घ्या, कोकणात त्याची गरज आहे, आणि उरलेल्या पैशात लहान मूल असेल तर आयसोफिक्सची, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या कड्यांना अडकणारी, चाइल्ड सीट बघा.